कपाटातले तीन कागद

दिवाळीची साफसफाई काढली की घरात काय काय सापडतं, हे मी तुम्हांला वेगळं सांगायला नको. हरवलेली चांदीची वाटी सापडते, जुन्या लग्नपत्रिका सापडतात, मुलांचा मोडका कंपास सापडतो. २०२४ सालच्या दिवाळीत आमच्या लोखंडी कपाटातून तीन कागद निघाले. विजेच्या बिलांच्या पिशवीत, रबर लावून ठेवलेले. सासूबाईंच्या लघवी तपासणीचे रिपोर्ट. पहिला जुलै २०२२ चा, त्यांना उन्हाळी लागली होती तेव्हाचा. दुसरा मार्च २०२३ चा, तापाच्या वेळचा. तिसरा नोव्हेंबर २०२३ चा, मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी करायला सांगितलेला.

कागद फेकायचेच होते, म्हणून एकदा उलगडले. मी शाळेत अर्धवेळ शिकवते, त्यामुळे आकड्यांचा कागद खालच्या ओळीपर्यंत वाचायची खोड लागलेली आहे. तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, तीन सत्रांच्या प्रगतिपुस्तकासारखे. आणि एका ओळीवर माझं बोट थांबलं. 'अल्ब्युमिन'. पहिल्या कागदावर त्यापुढे 'ट्रेस', दुसऱ्यावर 'एक प्लस', तिसऱ्यावर 'दोन प्लस'.

तिन्ही वेळा आम्ही काय बघितलं होतं? 'पस सेल्स' किती आणि साखर आहे का, एवढंच. गोळ्या घेतल्या, जळजळ थांबली, कागद पिशवीत गेला. मधल्या काळात सासूबाईंच्या पावलांवर सूज दिसायला लागली, तर आम्ही म्हणालो, "दिवसभर ओट्यापाशी उभ्या असतात ना!" गुडघे दुखतात म्हणून त्या दुकानातून वेदनाशामक गोळी आणून रोज एक घेत होत्या. त्यालाही कुणी हरकत घेतली नाही. मधुमेह बारा वर्षांचा. "औषध चालू आहे ना, मग झालं!"

लॅबनं लिहिलं होतं. आम्ही वाचलं नव्हतं.

म्हणून आज हा विषय. लघवीबद्दल चारचौघींत बोलायचं नाही, असं आपल्याला लहानपणापासून शिकवलंय. पण माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत हा प्रश्न हटकून असतो, तोही पत्राच्या शेवटी, ताजा कलम घालून! "पस सेल्स आठ-दहा आलेत, म्हणजे किडनी खराब झाली का?" असं एकीनं विचारलं आहे. दुसरी म्हणते, "अल्ब्युमिन आलंय, पण त्रास काहीच नाही, मग सोडून देऊ ना?" गंमत बघा. पहिलीला भीती वाटते तेवढं बहुधा काही नाही, आणि दुसरीला काही वाटत नाही, पण तिनं लगेच उठायला हवं.

मी डॉक्टर नाही, मराठी घेऊन बी.ए. झालेली बाई आहे. रिपोर्ट बघून रोगाचं नाव ठरवणं हे डॉक्टरांचं काम. पण कुठली ओळ घेऊन त्यांच्याकडे जायचं, हे कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही. त्या दिवाळीनंतर आमच्या डॉक्टरांना, लॅबमधल्या बाईंना आणि शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना मी प्रश्न विचारून भंडावून सोडलं. त्यातून जे नीट उमगलं, ते तुमच्यापुढे ठेवते.

बाटली भरण्याआधी

भाकरीचं पीठच जुनं असेल तर भाकरी थापणारणीला बोल लावून उपयोग नाही. नमुन्याचंही तसंच आहे.

सकाळी उठल्यावरची पहिली लघवी सगळ्यांत चांगली. ती रात्रभराची, म्हणून घट्ट असते, आणि थोडा दोषसुद्धा तिच्यात दिसतो. लघवी चटकन व्हावी म्हणून तांब्याभर पाणी पिऊन गेलात, तर नमुना पातळ होतो आणि दोष लपतो. आधी साध्या पाण्यानं जागा धुवा, पुढून मागे. सुरुवातीची थोडी लघवी जाऊ द्या, मधली बाटलीत धरा, शेवटची पुन्हा जाऊ द्या. बाटली लॅबनं दिलेलीच घ्या. खोकल्याच्या औषधाची बाटली विसळून नेणाऱ्या काकू माझ्या माहितीत आहेत. त्यांच्या रिपोर्टात साखर निघाली, ती कुणाची ते देव जाणे!

पाळी चालू असेल तर नमुना देऊच नका, चार दिवस थांबा. अंगावरून पांढरं जात असेल तर तसं लॅबमध्ये सांगा, कारण त्यानंही पस सेल्स आणि अल्ब्युमिन दोन्ही दिसतात. नमुना तासाभरात पोचायला हवा. ठेवून दिला तर पेशी विरघळतात आणि जंतू वाढतात. लॅब लांब असेल, तर तिथंच जाऊन नमुना दिलेला बरा.

नमुना नीट होता का, हे रिपोर्टच सांगतो. 'एपिथेलियल सेल्स' म्हणून एक ओळ असते. त्या बाहेरच्या त्वचेच्या पेशी. तिथं 'मेनी' किंवा 'प्लेंटी' असं लिहिलेलं असेल, तर बाहेरचं काहीतरी मिसळलंय असं समजा. अशा रिपोर्टातल्या पस सेल्सवर विश्वास ठेवून औषध सुरू करण्याऐवजी नमुना पुन्हा नीट द्यावा.

वरच्या ओळी

रिपोर्टचे तीन भाग असतात. पहिल्यात डोळ्यांना दिसतं ते, दुसऱ्यात रासायनिक पट्टीवर दिसतं ते, आणि तिसऱ्यात सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं ते.

रंग फिकट पिवळा असावा. बिटाची कोशिंबीर खाल्ली तर लालसर होतो, बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीनं गडद पिवळा, क्षयाच्या औषधानं केशरी. यात घाबरण्यासारखं काही नाही. कोऱ्या चहासारखा किंवा कोलासारखा काळपट रंग मात्र साधा नव्हे. त्यात रक्त असू शकतं, काविळीतही लघवी अशी गडद होते.

'स्पेसिफिक ग्रॅव्हिटी' म्हणजे घट्टपणा. तो साधारण १.००५ ते १.०३० असतो आणि दिवसभर खालीवर होतो. पाणी कमी प्यायलं की वाढतो, जास्त प्यायलं की उतरतो. पाणी कमी पिऊनही, जास्त पिऊनही आकडा प्रत्येक वेळी १.०१० च्या आसपासच अडून बसत असेल, तर लघवी घट्ट-पातळ करायची मूत्रपिंडाची ताकद कमी झाली असावी, अशी शंका डॉक्टर घेतात.

'कीटोन' उपासानंही येतात. हरतालिकेच्या दुसऱ्या दिवशी आमच्या शाळेत तपासणी झाली, तर माझे कीटोन दोन प्लस! मूत्रपिंडाशी त्याचा संबंध नाही. मधुमेही माणसाला उलट्या होताहेत आणि कीटोन आलेत, तर मात्र लगेच दवाखाना गाठायचा. साखर साधारणपणे रक्तातली साखर १८० च्या वर गेली की लघवीत उतरते. त्या साखरेनं पुढं आमच्या घरी काय रामायण घडवलं, ते शेवटी सांगते.

जिच्यावर बोट थांबलं ती ओळ

आता अल्ब्युमिन. हे रक्तातलं प्रथिन. मूत्रपिंड म्हणजे एक गाळणी, असं आपण म्हणतो. खरं तर एकेका मूत्रपिंडात साधारण दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दिवसाला जवळजवळ १८० लिटर पाणी त्यांतून गाळलं जातं, आणि त्यातलं लिटर-दीड लिटर सोडून बाकी सगळं शरीर परत घेतं. प्रथिनं आकारानं मोठी, ती जाळीच्या वरच राहायला हवीत. चहाची गाळणी फाटली की कपात चोथा उतरतो, तसंच मूत्रपिंडाची जाळी बिघडली की लघवीत अल्ब्युमिन उतरतं.

हे पहिल्यांदा ठामपणे दाखवलं ते लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलातल्या रिचर्ड ब्राइट या डॉक्टरांनी, १८२७ साली. अंगावर सूज असलेल्या रोग्यांची लघवी ते चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवत. तापवलेल्या अंड्याचा पांढरा भाग गोठतो ना, तशी ती गोठे. अशा रोग्यांच्या शवविच्छेदनात मूत्रपिंडं बिघडलेली आढळत. पुढे बरीच वर्षं या दुखण्याला 'ब्राइटचा रोग' असंच म्हणत. आज लॅबमध्ये लघवीत बुडवून रंग बघतात त्या पट्टीमागे मात्र एक बाई आहे, हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं. हेलन फ्री या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ बाईंनी पती आल्फ्रेड यांच्याबरोबर लघवीतली साखर दाखवणारी पट्टी तयार केली, ती १९५६ साली बाजारात आली. पुढे अशाच पट्ट्यांवर अल्ब्युमिन आणि बाकीच्या गोष्टीही बघता येऊ लागल्या.

पट्टीवरचा एक प्लस म्हणजे शंभर मिलिलिटर लघवीत साधारण ३० मिलिग्रॅम प्रथिन, दोन प्लस म्हणजे १००, तीन प्लस म्हणजे ३००. 'ट्रेस' म्हणजे अगदी पुसट. पण पट्टीला एक खोड आहे, ती घट्टपणा लक्षात घेत नाही. लघवी घट्ट असेल तर निरोगी बाईलाही ट्रेस येईल, आणि पाणी ढोसून गेलात तर खरं अल्ब्युमिनही दिसणार नाही. शिवाय ताप, खूप व्यायाम, लघवीचा जंतुसंसर्ग यांत अल्ब्युमिन तात्पुरतं येतं आणि जातं. सासूबाईंचा पहिला कागद उन्हाळीचा आणि दुसरा तापाचा, तेव्हा त्या दोन्ही वेळी अल्ब्युमिनकडे डोळेझाक झाली ती एका अर्थी समजण्यासारखी आहे. चूक झाली ती नंतर. जळजळ थांबल्यावर, ताप उतरल्यावर तपासणी पुन्हा करायला हवी होती, ती आम्ही केली नाही.

पुन्हा करायची, आणि पट्टीवर न थांबता 'अल्ब्युमिन-क्रिएटिनीन रेशो' करायची. लॅबमध्ये 'ए.सी.आर.' म्हणतात. सकाळचा एकच नमुना पुरतो, आणि घट्ट-पातळचा घोळ यात राहत नाही. ३० च्या आत असेल तर ठीक. ३० ते ३०० म्हणजे जाळी झिरपायला लागली. ३०० च्या वर म्हणजे गळती मोठी. तीनपैकी दोन वेळा वाढलेला आला आणि तीन महिने तसाच राहिला, की मग डॉक्टर त्याला मूत्रपिंडाचा जुनाट विकार म्हणतात. म्हणजे एका कागदानं हबकून जायचं नाही, आणि तीन कागद पिशवीतही ठेवायचे नाहीत.

अल्ब्युमिन दुखत नाही, जळजळत नाही, हीच त्याची मेख आहे. फार वाढलं तर लघवीला साबणासारखा फेस येतो आणि तो बसत नाही. सूज त्याच्याही नंतरची. आणि रक्तातलं क्रिएटिनीन? मूत्रपिंडाची निम्मी ताकद जाईपर्यंत ते 'नॉर्मल' दिसू शकतं. मधुमेहात बहुधा त्याच्या कितीतरी आधी लघवी सांगत असते.

सूक्ष्मदर्शकाखाली

इथं पेशी मोजतात. पस सेल्स म्हणजे पांढऱ्या पेशी. एका दृश्यात पाचपर्यंत चालतात. तांबड्या पेशी दोनपर्यंत. 'क्रिस्टल्स' पुष्कळदा काहीच सांगत नाहीत. खड्याचा त्रास झालेला असेल तरच त्यांना महत्त्व.

पण एक ओळ अशी आहे, जिथं बहुतेक रिपोर्टांवर 'निल' असतं आणि म्हणून आपण ती बघतच नाही. 'कास्ट्स', म्हणजे साचे. मूत्रपिंडातल्या बारीक नळ्यांत प्रथिन थिजतं आणि नळीच्या आकाराची सळी होऊन बाहेर येतं, शेवयाच्या साच्यातून शेवई पडावी तशी. त्या सळीत जे अडकलंय ते नळीतूनच, म्हणजे मूत्रपिंडातूनच आलेलं असणार. 'हायलाइन कास्ट' पारदर्शक असतात, ते निरोगी माणसालाही येतात. 'आर.बी.सी. कास्ट', म्हणजे तांबड्या पेशींचे साचे, आले तर गाळण्यांनाच सूज आहे. पांढऱ्या पेशींचे आले तर मूत्रपिंडाच्या आतच दाह आहे. तपकिरी, रवाळ साचे पुष्कळ आले, तर नळ्यांना अचानक इजा झालेली असू शकते. हायलाइन सोडून दुसरा कुठलाही शब्द या ओळीत दिसला, तर रिपोर्ट त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

ओळींची जोडणी

आमचे डॉक्टर म्हणाले, "वहिनी, एक ओळ बघून मीही काही सांगत नाही. ओळी एकमेकींशी काय बोलतात ते बघतो." त्यांनी जोड्या लावून दाखवल्या, त्या अशा.

पस सेल्स वाढलेल्या, 'नायट्राइट पॉझिटिव्ह', जळजळ आणि घाई: हा जंतुसंसर्ग, आपली उन्हाळी. पहिल्या पत्रातल्या मैत्रिणीचं बहुधा हेच असावं. औषध सुरू करण्याआधी कल्चरला नमुना द्या. धन्याजिऱ्याचं पाणी प्या, त्यानं बरं वाटेल, पण त्यावरच विसंबू नका. त्यात थंडी वाजून ताप आणि बरगडीखाली पाठीत दुखणं आलं, तर जंतू मूत्रपिंडापर्यंत चढले आहेत असं समजून लगेच निघा. पस सेल्स पुन्हा पुन्हा येतात आणि कल्चर मात्र दर वेळी कोरं, असं असेल तर खडा किंवा मूत्रमार्गाचा क्षय नाही ना, हे बघावं लागतं.

अल्ब्युमिन एकटंच, सतत येणारं, आणि घरात वर्षानुवर्षांचा मधुमेह किंवा रक्तदाब: गळती त्या दुखण्यामुळे असण्याचा संभव मोठा. हेच सासूबाईंचं. अशा वेळी डोळ्याचा पडदाही तपासून घ्यावा. तिथल्याही बारीक रक्तवाहिन्या मधुमेहात बिघडतात.

अल्ब्युमिन, तांबड्या पेशी आणि त्यांचे साचे, कोलासारखी लघवी, चेहऱ्यावर सूज, वाढलेला रक्तदाब: गाळण्यांचा दाह. मुलांना घसा धरल्यावर किंवा अंगावर पिकलेल्या पुळ्या येऊन गेल्यावर एक ते सहा आठवड्यांनी असं होऊ शकतं. यात उद्यावर ढकलायचं नसतं.

अल्ब्युमिन तीन-चार प्लस, पेशी मोजक्या, आणि अंगभर सूज: चोवीस तासांत साडेतीन ग्रॅमहून जास्त प्रथिन जात असावं. लहान मुलांत हे सकाळी सुजलेल्या डोळ्यांनी सुरू होतं. आपण म्हणतो, काही तरी चावलं असेल! दोन दिवस सकाळी डोळे सुजलेले दिसले, तर लघवी तपासा. वेळेवर औषध दिलं तर बहुतेक मुलांची सूज उतरते.

फक्त तांबड्या पेशी, आणि कमरेतून जांघेकडे कळा: बहुधा मूतखडा. पण दुखत नाही, खुपत नाही आणि रक्त जातंय, त्यात वय चाळिशीपुढचं आणि तंबाखूची सवय, तर 'उष्णता झाली असेल' म्हणून सोडू नका. मूत्राशयाचा कर्करोग असाच गुपचूप सुरू होतो.

आणि दिवस गेलेल्या आपल्या लेकीसुना. पाचव्या महिन्यानंतर अल्ब्युमिन आलं आणि रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर गेला, तर ते आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकतं. त्यातच डोकं ठणकत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर रात्र असली तरी दवाखान्यात न्या. बाळंतपणात असं झालेल्या बाईनं पुढंही वर्षातून एकदा रक्तदाब आणि लघवी बघत राहावं. आपण मुलाचं लसीकरण विसरत नाही, स्वतःचं मात्र विसरतो.

इतकं सगळं वाचून रिपोर्ट स्वच्छ आला, तर निश्चिंत व्हायचं का? पूर्ण नाही. मूत्रपिंडाचे काही विकार लघवीत फारसं काही दाखवत नाहीत. म्हणून डॉक्टर लघवीबरोबर रक्तदाब, रक्तातलं क्रिएटिनीन आणि त्यावरून काढलेला 'ई.जी.एफ.आर.' बघतात, गरज पडली तर सोनोग्राफी करतात. ई.जी.एफ.आर. तीन महिन्यांहून जास्त ६० च्या खाली राहिला, तर लघवी स्वच्छ असली तरी तो विकारच. मोठ्या वयाच्या मधुमेहात निदान झाल्याच्या दिवसापासून आणि रक्तदाबातही, या तपासण्या वर्षातून एकदा हव्यातच.

मग सासूबाईंचं काय झालं?

भाऊबीज झाली आणि दुसऱ्याच दिवशी आम्ही दवाखान्यात. ए.सी.आर. आला ६४०. क्रिएटिनीन १.५, ई.जी.एफ.आर. ३९. क्रिएटिनीनचा आकडा बघून हे म्हणाले, "दीडच तर आहे!" डॉक्टर म्हणाले, "चौसष्ट वर्षांच्या बाईला दीड म्हणजे ताकद चाळीस टक्क्यांच्या आसपास राहिली." सासूबाई काही बोलल्या नाहीत. रिक्षात बसल्यावर मात्र म्हणाल्या, "अगं, दोन वर्षं मी ते कागद जपून ठेवत होते. उपयोगी पडतील म्हणून." मला कुठं बघावं कळेना.

पहिली गुडघ्याची गोळी बंद झाली. अशा गोळ्या रोज घेतल्या की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात. रक्तदाबाची गोळी बदलली. गळती कमी करणारी दिली, आणि दोन आठवड्यांनी पोटॅशियम व क्रिएटिनीन पुन्हा बघितलं. मीठ दिवसाला एक सपाट चमचा, त्यात भाजी-आमटी-भात सगळं आलं. लोणचं आणि पापड ताटातून गेले. कुणीतरी सुचवलं म्हणून मी 'कमी सोडियमचं' मीठ आणलं होतं. ते डॉक्टरांनी परत करायला लावलं. त्यात पोटॅशियम असतं, आणि अशा रोग्याला ते घातक ठरू शकतं. तुमच्याही घरी कुणाला मूत्रपिंडाचा विकार असेल, तर विचारल्याशिवाय ते वापरू नका. तीच गोष्ट 'किडनी साफ करणाऱ्या' काढ्यांची.

आणि आता ते साखरेचं रामायण. तीन महिन्यांनी लघवी पुन्हा तपासली. आता मला वाचता येत होतं ना! मोबाइलवर रिपोर्ट आला आणि मी थेट बघितलं: साखर तीन प्लस. माझा पारा चढला. "आई, संक्रांतीचे तिळाचे लाडू खाल्लेत ना? खरं सांगा!" त्या बिचाऱ्या देवाची शपथ घ्यायला लागल्या. "अगं, तोंडालासुद्धा लावला नाही गं!" मी काही ऐकेना. संध्याकाळी डॉक्टरांकडे कागद नाचवत गेले. ते हसायला लागले. नव्यानं सुरू केलेली मधुमेहाची गोळीच अशी आहे, म्हणाले, की ती साखर लघवीवाटे बाहेर काढते आणि मूत्रपिंडावरचा ताणही हलका करते. लघवीत साखर दिसली म्हणजे गोळी काम करते आहे! रक्तातली साखर बघा म्हणाले. ती उत्तम होती. अल्ब्युमिन मात्र दोन प्लसवरून एक प्लसवर आलं होतं, आणि त्या ओळीकडे मी बघितलंच नव्हतं.

घरी येऊन सासूबाईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "शिकवतेस ना शाळेत? एका विषयावरून मुलाला नापास करतेस का?"

वर्षभरानंतर ए.सी.आर. २१० वर आला आहे. क्रिएटिनीन १.५ वरच थांबलं आहे. गेलेली ताकद परत येणार नाही, डॉक्टरांनी ते स्पष्ट सांगितलंय. पण उरलेली टिकून आहे, आणि सासूबाई रोज संध्याकाळी देवळात चालत जातात. दोन वर्षं आधी वाचलं असतं तर किती उरली असती, हा प्रश्न मी स्वतःला विचारायचं सोडून दिलंय, असं म्हणते. पण सुटत नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या नावानं एक वही करा. तारीख, अल्ब्युमिन किंवा ए.सी.आर., क्रिएटिनीन, रक्तदाब, चालू गोळ्या, एवढेच रकाने. मोबाइलवर आलेला रिपोर्टसुद्धा त्यात उतरवा. एकेकटा कागद फारसं बोलत नाही. तीन शेजारी ठेवले की बोलायला लागतात. ती वही डॉक्टरांपुढे ठेवा, आणि निकाल त्यांना देऊ द्या. त्या वहीत एक पान स्वतःच्या नावाचंही असू द्या.

तुमच्याही कपाटात बिलांची एखादी पिशवी असेलच. दिवाळीची वाट बघू नका, या रविवारीच ती उघडा.

मीठ कमी केल्यावर आमटी-भाजीला चव कशी आणायची, हे बऱ्याच जणींनी विचारलं आहे. कोकम, लिंबू, आणि फोडणीतल्या लसणाची करामत पुढच्या खेपेला.